आकडेमोड : हॉल कुठे घ्यायचा?



महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत काही वाद दरवर्षी न चुकता येतात, सत्यनारायणाच्या पोथीतल्या अध्यायांसारखे. नाटक आणायचं की गाणं, जेवणात श्रीखंड की जिलबी, मुलांचे कार्यक्रम जेवणाआधी की नंतर. पण ह्या सगळ्यांचा मेरुमणी म्हणजे 'हॉल कुठे घ्यायचा?' एडिसनकर म्हणतात, अर्धं मंडळ इथेच राहतं, मग इथेच घ्या. चेरी हिलकर म्हणतात, दरवेळी आम्हीच का तासभर गाडी हाकत यायचं? आणि लांब पेनसिल्व्हानियात घर घेतलेलं एखादं कुटुंब काहीच म्हणत नाही. ते पुढच्या वर्षी वर्गणी भरत नाही, एवढंच.

ह्या खेपेला 'आकडेमोड'साठी आम्ही हाच वाद घेतला आहे. घाबरू नका, कुणाची बाजू घ्यायचा विचार नाही. आम्हालाही ह्याच मंडळात जेवायचं आहे. पण ह्या वादाच्या पोटात भूमितीचा एक जुना प्रश्न आहे, आणि त्या जुन्या प्रश्नाच्या पोटात संगणकशास्त्रातला एक बराच नवा प्रश्न आहे : उत्तर काढायला कमीत कमी किती लक्षात ठेवावं लागतं?

जुना प्रश्न आधी घेऊ. नकाशावर प्रत्येक घराचा एक ठिपका काढा. सगळे ठिपके आत येतील असं लहानात लहान वर्तुळ शोधा. वर्तुळाचा मध्य येईल तिथे हॉल. असं केलं की सगळ्यात लांबून येणाऱ्याला पडणारं अंतर शक्य तितकं कमी होतं. (रस्ते, टोल आणि रविवारची ट्रॅफिक तूर्त विसरायची. गणितज्ञ कावळ्यासारखे सरळ रेषेत उडतात.) हा प्रश्न जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर ह्या इंग्रज गणितज्ञाने १८५७ साली विचारला, तोही एका वाक्यात. हे गृहस्थ १८७६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवायला आले, तेव्हा नोकरीपायी समुद्र ओलांडून इकडे आलेल्यांपैकी त्यांनाही आपल्यातलेच समजायला हरकत नाही.

ह्या वर्तुळाची गंमत अशी की ते फक्त दोन किंवा तीन ठिपक्यांवर तोललेलं असतं. मंडळात तीनशे कुटुंबं असोत, हॉल ठरवणार कडेची तीन. उरलेल्या २९७ जणांनी वर्तुळाच्या आतल्या आत हवी तेवढी घरं बदलली तरी हॉल जागचा हलत नाही. लोकशाहीच्या दृष्टीने आम्हाला हे फारसं पटत नाही, पण सिल्व्हेस्टरसाहेबांनी मतदान घेतलं नव्हतं.

म्हणजे तीन ठिपके लक्षात ठेवले की काम झालं, असं वाटेल. पण कुठले तीन?

आता नवा प्रश्न. समजा नोंदणीच्या टेबलावर एक काकू बसल्या आहेत. लोक एकेक करून येतात, घर कुठे ते सांगतात आणि आत जातात. काकूंकडे हातात मावेल एवढी एक चिठ्ठी, पेन्सिल आणि खोडरबर, बस्स. कोण कुठल्या क्रमाने येईल ह्याचा नेम नाही. आत गेलेल्याला परत बोलावून "तुमचं घर कुठे म्हणालात हो?" असं विचारायची सोय नाही. शेवटचा माणूस आत गेला की काकूंनी उत्तर द्यायचं. संगणकवाले ह्याला स्ट्रीमिंग म्हणतात. माहितीचा ओघ समोरून एकदाच वाहून जातो, आणि आपल्याजवळचं भांडं लहान असतं.

"मग सरळ यादी ठेवावी की!" असं आमच्या सौभाग्यवतींनी हा मजकूर वाचताक्षणी सांगितलं. तीनशे कुटुंबांसाठी ते अगदी बरोबर आहे. पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या मोठ्या कणयंत्रात प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांना आडवे जातात, ते सगळं साठवायला जगातली कपाटं पुरायची नाहीत. बहुतेक सगळं तिथल्या तिथे टाकून द्यावं लागतं. आपल्या नारायणगावजवळ, खोडदच्या परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथेही तबकड्यांकडून येणारा ओघ आधी एकमेकांशी मेळवून, सरासरी काढून मग ठेवतात. इंटरनेटच्या चौकाचौकात बसवलेल्या राउटरचंही तेच. येणारं पाकीट पुढे ढकलायचं, आणि जाता जाता जमेल तेवढी नोंद करायची. तेव्हा काकूंची चिठ्ठी हा काही पोरखेळ नव्हे.

ह्या विषयाचं एक घराणं न्यू जर्सीतलंच आहे. बेल लॅब्जमधले रॉबर्ट मॉरिस ह्यांनी १९७८ साली एक चिमुकला लेख लिहिला. आठ बिटांच्या कप्प्यात शून्यापासून २५५ पर्यंतच मोजता येतं. त्यात लाखांनी मोजायचं कसं? त्यांच्या युक्तीचं सोपं रूप असं : चिठ्ठीवर ५ लिहिलेलं असेल तर नवा माणूस आल्यावर नाणं पाच वेळा उडवायचं, आणि पाचही वेळा छापा पडला तरच ५ खोडून ६ करायचे. आकडा जसा वाढतो तसा तो पुढे सरकायला नाखूष होत जातो. दहा लाख माणसं येऊन गेल्यावर चिठ्ठीवर साधारण २० असतात. दोनचा विसावा घात दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास येतो, म्हणून! अंदाज ढोबळ असतो, पण अशा अनेक चिठ्ठ्यांची सरासरी घेऊन तो सुधारता येतो. पुढे १९९६ साली नोगा अलोन, योसी मातियास आणि मारिओ सेगेडी ह्या तिघांनी ह्या सगळ्याला शिस्त लावली. त्यातले मातियास मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये होते. कुठल्या प्रकारची मोजणी छोट्या चिठ्ठीत बसते हे तर त्यांनी दाखवलंच, पण कुठली बसूच शकत नाही हेही सिद्ध केलं. उदाहरणार्थ, सगळ्यात जास्त वेळा आलेला माणूस किती वेळा आला, हा किती साधा प्रश्न! पण छोट्या चिठ्ठीत त्याचा बऱ्यापैकी अंदाजसुद्धा मावत नाही. ह्या लेखाला २००५ साली गोडेल पारितोषिक मिळालं.

आम्हाला ह्यातला 'बसूच शकत नाही' हा भाग जास्त आवडतो. एखादी गोष्ट कुणाला जमली नाही, हे रोजचंच आहे. कुणालाच, कधीच, कितीही डोकं लढवून जमणार नाही, हे आधीच ठामपणे सांगता येणं ही चैन गणिताखेरीज कुठे मिळते?

तर परत काकूंकडे. समजा सगळं मंडळ न्यू जर्सी टर्नपाईकला चिकटून राहतं. "तुम्ही कुठले?" ह्यापेक्षा "तुमचा एक्झिट कुठला?" हा प्रश्न इथे जास्त विचारला जातो, तेव्हा हे फार अशक्य नाही. रस्ता म्हणजे एक रेष. काकूंनी सगळ्यात दक्षिणेकडच्या घराचा मैल आणि सगळ्यात उत्तरेकडच्या घराचा मैल, एवढे दोनच आकडे चिठ्ठीवर ठेवायचे. नवा माणूस त्यांच्या मधला असेल तर "या, बसा". बाहेरचा असेल तर एक आकडा खोडून नवा लिहायचा. हजार येवोत, लाख येवोत, शेवटी दोन्ही आकड्यांच्या बरोब्बर मध्ये हॉल. उत्तर अचूक, चिठ्ठी बोटभर.

रेषेवरून उतरून सपाट नकाशावर आलं की मात्र सगळं बदलतं. हे नीट दिसावं म्हणून हॉलचा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि त्याच्या सख्ख्या चुलतभावाकडे बघू : मंडळातली एकमेकांपासून सगळ्यात लांब असलेली दोन घरं किती मैल अंतरावर आहेत? गणितात ह्याला त्या ठिपक्यांचा व्यास म्हणतात. उत्तर म्हणजे एकच आकडा. आणि तरीही आम्ही पैजेवर सांगतो की ते अचूक हवं असेल तर काकूंना जवळजवळ सगळी यादीच ठेवावी लागते. का, ते सांगतो. शाळेतली भूमिती पुरेल.

कागदावर एक मोठं वर्तुळ काढा. त्याच्या अर्ध्या कडेवर, दोन्ही टोकं सोडून, हजार खुणा करा. प्रत्येक खुणेवर एक घर आहे; त्या घरचे लोक कार्यक्रमाला येतील किंवा येणार नाहीत. कोण आलं, कोण नाही, ह्याचे प्रकार किती? पहिल्या घराचे दोन, दुसऱ्याचे दोन, असं हजार वेळा दोनाला दोनाने गुणायचं. तो आकडा लिहायला ३०२ अंक लागतात. आता समजा काकूंची चिठ्ठी ९९९ बिटांची आहे, म्हणजे ९९९ जागा आणि प्रत्येक जागी शून्य किंवा एक. अशा चिठ्ठ्यांचे एकूण प्रकार वरच्या आकड्याच्या बरोबर निम्मे. कबुतरं जास्त, खुराडी कमी! तेव्हा आलेल्या मंडळींचे कुठले तरी दोन वेगवेगळे संच असे असणारच, की दोन्ही वेळा काकूंच्या हातात अगदी तीच चिठ्ठी उरते.

हे दोन संच वेगळे आहेत, म्हणजे निदान एका घरावर त्यांचं जमत नाही. समजा ते ४१७ नंबरचं घर. एका संचात ते लोक आलेले आहेत, दुसऱ्यात नाहीत. आता सगळ्यात शेवटी एक नवं कुटुंब दारात येतं आणि त्यांचं घर निघतं वर्तुळाच्या पलीकडच्या कडेवर, ४१७च्या नेमकं समोर. ४१७वाले आलेले असतील तर लांबात लांब अंतर म्हणजे वर्तुळाचा पूर्ण व्यास. आलेले नसतील तर ते व्यासापेक्षा केसभर कमी, कारण बाकीच्यांपैकी कुणीच कुणाच्या नेमकं समोर नाही. दोन्ही वेळा बरोबर उत्तर वेगळं. पण काकूंच्या हातात चिठ्ठी तीच, नवा पत्ता तोच, म्हणजे त्या उत्तरही तेच देणार. दोनपैकी एकदा ते चुकणारच.

काकू कितीही हुशार असोत. चिठ्ठीवर संकेतलिपी वापरोत, बेरजा लिहोत नाहीतर वर्गमुळं लिहोत. आपण त्यांची रीत कुठली हे विचारलंच नाही; फक्त चिठ्ठ्या मोजल्या. हजार घरांना हजार बिट, दहा लाख घरांना दहा लाख बिट, ह्यातून सुटका नाही. जोन फायगनबाउम, संपत कन्नन आणि जियान झांग ह्यांच्या २००५ सालच्या लेखात व्यासाचा हा निकाल आहे. नाणी उडवून, अधूनमधून चुकायची मुभा घेऊनही मेमरी यादीच्या प्रमाणातच लागते. असे निकाल ज्या शाखेच्या आधाराने लागतात तिचा पाया अँड्र्यू याओ ह्यांनी १९७९ साली घातला. दोन माणसं, प्रत्येकाजवळ अर्धी माहिती, आणि फोनवर कमीत कमी किती बोलून उत्तर निघेल, असा तो प्रश्न. ट्रंक कॉलचं बिल भरलेल्यांना त्यातलं मर्म वेगळं समजवायला नको. इथेही तेच चाललंय : आधी आलेली मंडळी शेवटच्या माणसाला चिठ्ठीतून निरोप पाठवताहेत, आणि निरोप आखडता येत नाही.

उत्तर दोनच घरांचं, पण ती दोन कुठली हे शेवटचा माणूस दारात येईपर्यंत कळत नाही. तोवर प्रत्येक जण संभाव्य मानकरी. म्हणून कुणालाच विसरून चालत नाही.

बरं, काकूंनी 'नेमके' हा शब्द सोडून 'साधारण' म्हटलं तर? चित्र क्षणात पालटतं. नकाशावर आठ दिशा आखा, साडेबावीस-साडेबावीस अंशांच्या अंतराने. प्रत्येक दिशेला टर्नपाईक समजा, आणि त्या दिशेतला सगळ्यात अलीकडचा आणि सगळ्यात पलीकडचा माणूस, एवढंच टिपा. आठ दुणे सोळा आकडे. शेवटी ज्या दिशेत पसारा सगळ्यात मोठा, तो आकडा सांगून मोकळं व्हायचं. खरी लांबात लांब जोडी कुठल्याही दिशेत असली तरी आपल्या आठांपैकी एखादी दिशा तिच्यापासून सव्वाअकरा अंशांच्या आत असणारच, आणि सव्वाअकरा अंशांची कोसाइन ०.९८ हून किंचित जास्त आहे. म्हणजे खरं अंतर १०० मैल असेल तर काकू ९८ ते १०० मधलं काहीतरी सांगतील. माणसं तीनशे असोत वा तीन कोटी, चिठ्ठी सोळा आकड्यांचीच. दिशा दुप्पट केल्या, सोळा, की चूक अर्ध्या टक्क्याखाली येते. पुन्हा दुप्पट केल्या की साधारण आठव्या हिश्शावर. चिठ्ठी दुप्पट आणि चूक चौथाई, हा सौदा आमच्या मते फार चांगला आहे. दोन टक्के चूक पत्करली तर सोळा आकडे. शून्य टक्के हवी तर सगळा गाव.

हॉलसाठीही अशी एक झकास रीत आहे. हमीद झर्राबीझादेह आणि टिमथी चॅन ह्यांनी ती २००६ साली मांडली. काकूंनी फक्त एक वर्तुळ लक्षात ठेवायचं. नवा माणूस आतला असेल तर काही करायचं नाही. बाहेरचा असेल तर जुनं अख्खं वर्तुळ आणि नवा ठिपका दोन्ही मावतील असं लहानात लहान नवं वर्तुळ घ्यायचं. समजा त्रिज्या १० मैल आहे आणि नवं घर मध्यापासून ३० मैलांवर निघालं. तर दहा आणि तीसची सरासरी, २० मैल, ही नवी त्रिज्या, आणि मध्य त्या घराच्या दिशेने १० मैल सरकवायचा. चौथीतल्या मुलालाही करता येईल. शेवटी येणारं वर्तुळ सगळ्यात चांगल्या वर्तुळाच्या दीडपटीपेक्षा कधीच मोठं होत नाही. चाळीस मैलांच्या जागी फार तर साठ. (आमच्या पाहण्यातल्या काही हॉलपेक्षा हे बरंच म्हणायचं.)

सपाट नकाशावर दिशांची युक्ती ह्याहून जवळचं उत्तर देते, मग ही दीडपटीची रीत कशाला? कारण सगळेच ठिपके सपाट नकाशावर राहत नाहीत. आजकाल संगणक फोटोतला चेहरासुद्धा ठिपका म्हणून ठेवतो. नकाशावरच्या ठिपक्याला दोन आकडे लागतात. २०१५ साली गूगलच्या लोकांनी जाहीर केलेल्या फेसनेट पद्धतीत एका चेहऱ्याला १२८ आकडे लागतात. म्हणजे १२८ मितींच्या 'नकाशा'तला एक ठिपका. दोन ठिपके जवळ असले तर माणूस तोच. अशा ठिकाणी आठ दिशांनी काय होणार? मिती वाढल्या की लागणाऱ्या दिशांची संख्या भरमसाट वाढत जाते आणि काकूंची चिठ्ठी यादीपेक्षा मोठी होऊन बसते.

तिथे मग भिंती लागतात, आणि त्या कुठे आहेत हे आकड्यात सांगता येतं. सगळ्यात सोपी रीत : पहिला आलेला माणूस लक्षात ठेवायचा, आणि त्याच्यापासून सगळ्यात लांबचं अंतर. खरा व्यास ह्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त असूच शकत नाही, मिती कितीही असोत. दुपटीची चूक म्हणजे फारच झाली. ड्यूक विद्यापीठाचे पंकज अगरवाल आणि आर. शरतकुमार ह्यांनी २०१० साली दाखवलं की लहान मेमरीत दोनाच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे १.४१ पटीच्या आसपास, पोचता येतं. आणि त्याहून ठळकपणे चांगलं उत्तर हवं असेल तर एक तर जवळपास सगळे ठिपके ठेवा, नाहीतर मितींबरोबर वेड्यासारखी वाढणारी मेमरी आणा. सिल्व्हेस्टरच्या वर्तुळासाठी हीच भिंत १.२०७ पटीवर आहे. त्यांची स्वतःची रीत १.३७ पर्यंत पोचते असं त्यांनी सिद्ध केलं होतं. पुढच्याच वर्षी टिमथी चॅन आणि विनायक पाठक ह्यांनी त्याच रीतीचा हिशेब जास्त काटेकोरपणे केला आणि ती खरं तर १.२२ पर्यंत जाते हे दाखवलं. रीतीत काडीचाही बदल नाही! ती पहिल्यापासून तेवढी चांगली होती.

आतापर्यंत आम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे गृहीत धरली : आलेला माणूस परत जात नाही. मंडळाचा अनुभव काय सांगतो? "आम्ही पाच जण नक्की" असं कळवून शुक्रवारी रात्री "अहो, मुलाची सॉकर गेम निघाली" म्हणणारे असतातच. आता काकूंच्या चिठ्ठीवर सगळ्यात लांबचं म्हणून त्याच कुटुंबाचं नाव असेल तर? त्यांना खोडलं तर दुसऱ्या नंबरवर कोण, हे चिठ्ठीवर नाहीच. टर्नपाईकवरची दोन आकड्यांची अचूक रीतही ह्या एका फोनने कोलमडते. कडेची माणसं धरून ठेवणाऱ्या सगळ्या रीतींचं हेच दुखणं आहे.

बेरजेचं तसं नाही. एकूण किती जण, ह्या आकड्यातून पाच वजा करायला ते पाच कोण हे माहीत असावं लागत नाही. म्हणून जिथे येणं-जाणं दोन्ही चालू असतं तिथे भूमिती बेरजांमध्ये भाषांतरित करावी लागते. अधिवेशनाचं उदाहरण घ्या. बाहेरगावचे पाहुणे घरोघर उतरवायचे आहेत, जितके पाहुणे तितकी घरं. प्रत्येकाला सोयीचं घर देऊन एकूण किती मैलांची ने-आण होईल? (मातीचे ढीग खड्ड्यांत नेऊन टाकायला कमीत कमी कष्ट किती, ह्या रूपात हाच प्रश्न गास्पार मोंज ह्या फ्रेंच गणितज्ञाने १७८१ साली विचारला होता.) रीत अशी : नकाशावर मोठे चौकोन आखा, मग प्रत्येकाचे चार लहान, त्यांचे पुन्हा चार, असं खाली उतरत जा. प्रत्येक चौकोनात पाहुणे जास्त की घरं जास्त, आणि कितीने, ते बघा. तो फरक गुणिले चौकोनाची बाजू, आणि ह्या सगळ्यांची बेरीज. ज्या पाहुण्यांना आपल्या चौकोनात घर मिळालं नाही त्यांना निदान साधारण तेवढं लांब जावं लागणार, असा सरळ हिशेब आहे. कुणी आलं की अधिक एक, रद्द झालं की वजा एक. दोन शेजारी नेमके रेघेच्या अलीकडे-पलीकडे आले तर हिशेब फसेल, म्हणून रेघा आखताना सगळी जाळी चिठ्ठ्या टाकून थोडी इकडेतिकडे सरकवतात.

चौकोन असंख्य, ते सगळे चिठ्ठीवर कसे मावतील? एम.आय.टी.चे पिओत्र इंडिक ह्यांनी २००० साली यादृच्छिक आकड्यांनी गुणून अशा लांबलचक बेरजेचा सारांश चिमूटभर मेमरीत ठेवायची युक्ती दिली होती. २००४ साली त्यांनी ती ह्या भूमितीच्या प्रश्नांना जोडली. उत्तर अंदाजेच, आणि नकाशाची बाजू दुप्पट झाली की चुकीची मर्यादा एक पायरी वर सरकते. पुढे २००९ साली अँडोनी, दो बा, इंडिक आणि वुडरफ ह्या चौकडीने मेमरी जरा सैल सोडून ही चढण थांबवली.

ह्याच घराण्यातला आणखी एक प्रश्न : सगळी घरं एकमेकांना जोडायला कमीत कमी किती मैल तार लागेल? ओटाकार बोरूव्का ह्यांनी मोराव्हियातल्या गावांना वीज पुरवायच्या निमित्ताने तो १९२६ साली सोडवला, अर्थात अख्खा नकाशा समोर घेऊन. सपाट नकाशावर, येणं-जाणं चालू असताना, छोट्या मेमरीत ह्याचं हवं तितकं जवळचं उत्तर मिळू शकतं, हे फ्राहलिंग, इंडिक आणि सोलर ह्यांनी २००५ साली दाखवलं. खूप मितींमध्ये काय होतं हे मात्र २०२३ साली कळलं. चेन, कोहेन-अदाद, जयराम, लेवी आणि वेनगार्टन ह्यांनी ठरावीक पटीच्या आतलं उत्तर देणारी रीत काढली, आणि सोबत भिंतही दाखवली : ओघ एकदाच बघायला मिळत असेल आणि १.१ पटीहून चांगलं उत्तर हवं असेल, तर निदान ठिपक्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मेमरी लागणारच. म्हणजे ठिपके शंभरपट झाले की चिठ्ठी निदान दसपट. दहा टक्क्यांपर्यंतची चूक ज्यांना चालत नाही, त्यांनी चिठ्ठीचा नाद सोडावा.

जागा संपत आली, तेव्हा नेहमीप्रमाणे एक कोडं. वर आम्ही दाखवलं की सपाट नकाशावर लांबात लांब जोडीचं अचूक अंतर हवं असेल तर यादीच ठेवावी लागते. पण मॅनहॅटनमध्ये कावळ्यासारखं उडता येत नाही. तिथे अ‍ॅव्हेन्यूवरून आणि स्ट्रीटवरून, काटकोनात वळत जावं लागतं, आणि अंतर म्हणजे आडवे ब्लॉक अधिक उभे ब्लॉक. अंतर असं मोजायचं ठरवलं, आणि सगळे आलेले लोक शेवटपर्यंत थांबले, तर काकूंचं काम फक्त चार आकड्यांत होतं, अंदाजे नव्हे, अगदी अचूक, कितीही माणसं येवोत. कुठले चार? मोठ्यांनी बीजगणित वापरावं. मराठी शाळेतल्या मुलांनी चौकटीचा कागद पंचेचाळीस अंशांत फिरवून बघावा. उत्तरं संपादकांकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.